टोळीचे हित : हनुमान वानरांच्या अभ्यासातील एका कल्पनेचा इतिहास

एखाद्या प्राण्याच्या ज्या वर्तनामुळे त्याची स्वतःची संतती वाढण्याची शक्यता घटते आणि दुसऱ्या प्राण्याची वाढते, त्या वर्तनाला जीवशास्त्रात परार्थ वर्तन म्हणतात. येथे मनातील हेतूचा विचार नसतो. दया, प्रेम किंवा कर्तव्यबुद्धी आहे की नाही हे न पाहता केवळ जमाखर्च पाहिला जातो. शत्रूला डंख मारून स्वतः मरणारी मधमाशी या अर्थाने परार्थी ठरते, आणि स्वतःच्या पिल्लाला पाजणारी गाय ठरत नाही, कारण तिने केलेला खर्च तिच्याच संततीच्या खाती जमा होतो. प्राण्यांच्या परार्थ वर्तनाचा इतिहास बहुधा इंग्लंड-अमेरिकेतील सिद्धांतकारांच्या नावांनी सांगितला जातो. परंतु त्यातील एक निर्णायक वळण धारवाडच्या सागवनात आणि अबूच्या डोंगरावर, काळ्या तोंडाच्या वानरांच्या टोळ्यांमागे हिंडणाऱ्या निरीक्षकांनी घडवले, आणि ते घडण्याचे कारण सिद्धांताइतकेच निरीक्षणाच्या कसबात होते.

चार्ल्स डार्विन यांना हा प्रश्न मुंग्या आणि मधमाश्यांमुळे पडला. ज्या कामकरी माश्यांना स्वतःची संततीच नसते, त्यांचे गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकतात कसे, ही अडचण आपल्या संपूर्ण सिद्धांताला घातक ठरेल असे त्यांना सुरुवातीला वाटले होते, याची कबुली १८५९ च्या ग्रंथात त्यांनी स्वतःच दिली आहे. निवड केवळ एकट्या प्राण्याची नव्हे, तर कुटुंबाचीही होऊ शकते, हे त्यांचे उत्तर. त्यासाठी त्यांनी पशुपैदाशीचा दाखला घेतला: उत्तम मांसाचा बैल कापला गेला तरी त्याच वंशातील जनावरांपासून पैदास करून पैदासकार तो गुण राखतो. १८७१ मध्ये माणसाच्या उत्पत्तीविषयी लिहिताना मात्र ते कुटुंबावरून जमातीवर गेले, आणि एकमेकांसाठी जीव द्यायला तयार असलेली माणसे ज्या जमातीत अधिक, ती जमात इतरांवर मात करील, असे त्यांनी मांडले. कुटुंबाचे हित आणि जमातीचे हित ही दोन उत्तरे वरकरणी सारखी दिसली तरी वेगळी होती, आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षे त्यांची सरमिसळ होत राहिली.

त्या सरमिसळीला रशियन विचारवंत प्योत्र क्रोपोत्किन यांनी मोठी नैतिक प्रतिष्ठा मिळवून दिली. तरुणपणी सायबेरियात भटकताना त्यांना प्राण्यांची आपापसांतील जीवघेणी स्पर्धा क्वचितच दिसली. हिमवादळे, पूर आणि उपासमार यांच्याशी एकत्र झुंजणारे कळप मात्र ठिकठिकाणी दिसले. टॉमस हक्सली यांनी १८८८ मध्ये निसर्गाचे जे रक्तरंजित चित्र रेखाटले, त्याला उत्तर म्हणून क्रोपोत्किन यांनी लेखमाला लिहिली आणि १९०२ मध्ये परस्परसाहाय्यावरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांची निरीक्षणे खोटी नव्हती. ती लांबून केलेली होती, एवढेच. नदी ओलांडणाऱ्या हजारो हरणांत कोणते हरीण कोणाचे आणि कोणी कोणासाठी काय सोसले, हे कळण्याचा मार्ग त्या काळी नव्हता, आणि जेथे व्यक्ती ओळखू येत नाही तेथे कळप हाच एक जीव आहे असे वाटू लागते.

विसाव्या शतकात ही समजूत शास्त्राच्या भाषेत स्थिरावली. तिची सर्वांत धीट मांडणी स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे प्राणिशास्त्रज्ञ विन-एडवर्ड्‌स यांनी १९६२ मध्ये केली. पक्ष्यांचे थवे संध्याकाळी एकत्र जमतात ते एका अर्थाने आपली शिरगणती करण्यासाठी. संख्या अन्नाच्या मानाने वाढली आहे असे जाणवले की प्राणी स्वतःहून कमी पिल्ले घालतात. आणि असा संयम पाळणारे गट टिकतात तर न पाळणारे आपले अन्न संपवून नष्ट होतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. यालाच गटनिवड म्हणतात, म्हणजे निसर्गाच्या चाळणीतून एकेक प्राणी नव्हे तर गटच्या गट पार होणे किंवा गळणे. यावरचा आक्षेप सोपा होता. संयमी गटात एकही असंयमी प्राणी निघाला तर त्याचीच पिल्ले अधिक होतील, आणि काही पिढ्यांत संयमाचा मागमूस उरणार नाही. आक्षेप तर्काचा होता. डोळ्यांना दिसेल असा पुरावा मात्र त्या सुमारास भारतात जमा होत होता, आणि तो जमा करणाऱ्यांच्या मनात हा वाद बहुधा नव्हता.

ज्याला मराठीत नुसते वानर म्हणतात आणि ज्याच्या वयात आलेल्या नराला हुप्प्या हे नाव आहे, तो प्राणी भारतीयांना अपरिचित नव्हता. देवळांच्या आवारात, रस्त्याकडेच्या वडांवर आणि कौलारू घरांच्या छपरांवर तो पिढ्यान्‌पिढ्या वावरत आला आहे, आणि हनुमंताचा वंशज म्हणून त्याला मारण्याऐवजी चणे-फुटाणे घालण्याची चाल आहे. परंतु परिचय वेगळा आणि अभ्यास वेगळा. दीर्घ काळ टोळीबरोबर राहून केलेला पहिला महत्त्वाचा आधुनिक अभ्यास अमेरिकी मानवशास्त्रज्ञ फिलिस जे यांचा. १९५८ ते १९६० या काळात त्यांनी उत्तर प्रदेशातील कौकोरी आणि बस्तरमधील ओरछा या गावांजवळच्या टोळ्या पाहिल्या. त्यांना दिसलेला समाज शांत होता. एका टोळीत अनेक प्रौढ नर नांदत होते, भांडणे थोडी आणि सौम्य होती, आणि काळ्याभोर केसांचे नवजात पिल्लू जन्माच्या दिवसापासूनच एका मादीच्या कुशीतून दुसरीच्या कुशीत फिरत होते. आईने आपले पिल्लू दुसरीकडे सोपवून निवांत चरायला जावे, ही गोष्ट इतर अनेक माकडांच्या मानाने खरोखर विलक्षण होती. जे यांचे गुरू शेरवूड वॉशबर्न यांच्या परंपरेत प्रत्येक सामाजिक रचनेचे काम समूह एकसंध ठेवणे हे असते असे मानले जाई, आणि कौकोरीच्या टोळ्या त्या साच्यात नेमक्या बसल्या.

धारवाडला आलेले निरीक्षक निराळ्या शाळेतले होते. जपानमधील क्योतो विद्यापीठात इमानिशी किन्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ पासून तेथील माकडांचा अभ्यास सुरू केला होता, आणि त्यांची पद्धत एका चिकाटीच्या नियमावर उभी होती: टोळीतील प्रत्येक माकड चेहऱ्याने ओळखले पाहिजे, त्याला नाव दिले पाहिजे आणि त्याचा इतिहास वर्षानुवर्षे नोंदवला पाहिजे. पाश्चात्त्य प्राणिशास्त्रज्ञांना हे नाव देणे भाबडेपणाचे वाटे. येथे एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. इमानिशी स्वतः डार्विनच्या स्पर्धावादाचे विरोधक होते आणि जीवजातीकडे एक समष्टी म्हणून पाहत. पण त्यांनीच घालून दिलेल्या पद्धतीने समष्टीची कल्पना पुढे पोखरली गेली. १९६१ ते १९६३ या काळात भारत-जपान संयुक्त संशोधन योजनेखाली युकिमारू सुगियामा, केन्जी योशिबा आणि एम. डी. पार्थसारथी यांनी धारवाड परिसरातील वानरांच्या टोळ्या ओळखून, मोजून त्यांचा पाठपुरावा केला. १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असलेला हा मुलूख वानरांनी गजबजलेला होता, आणि तेथील बहुतेक टोळ्यांत कौकोरीप्रमाणे अनेक नर नसून एकच हुप्प्या असे. उरलेले नर वेगळी, केवळ नरांचीच टोळकी करून आसपास भटकत.

अशाच एका नरटोळक्याने एका टोळीवर चाल केलेली सुगियामांनी पाहिली. वारंवारच्या हल्ल्यांनंतर जुना हुप्प्या हाकलला गेला, मग विजेत्यांमध्येच झुंज लागली, आणि अखेर त्यांच्यातील एका नराने आपल्या साथीदारांनाही पिटाळून टोळी एकट्याने ताब्यात घेतली. त्यानंतर त्याने टोळीतील अंगावर पिणारी पिल्ले एकामागून एक चावून घायाळ केली आणि ती पिल्ले नाहीशी झाली. ज्या माद्यांची पिल्ले गेली, त्या थोड्याच काळात माजावर आल्या आणि त्याच नराशी त्यांचा संयोग झाला. ही घटना अपघाती होती की काय हे तपासण्यासाठी सुगियामांनी दुसऱ्या एका टोळीतील एकमेव हुप्प्या मुद्दाम पकडून दूर केला. त्या टोळीत शिरलेल्या नव्या नरानेही तेथील पिल्ले मारली. हा प्रयोग आजच्या दृष्टीने निर्दयच म्हटला पाहिजे, पण त्याने योगायोगाची शंका बरीचशी दूर केली. १९६५ पासून या नोंदी प्रसिद्ध होऊ लागल्या. ज्या वर्षांत विन-एडवर्ड्‌स प्राण्यांच्या सामूहिक संयमाची मांडणी करत होते, त्याच वर्षांत हे सारे घडले होते.

तरीही या नोंदींचा अर्थ लगेच लागला नाही. स्वतः सुगियामांच्या विवेचनातही टोळ्यांची दाटी आणि सामाजिक बदल यांवर भर होता. इतरांनी तर ही विकृतीच ठरवली: माणसांच्या वस्तीमुळे आणि जंगलतोडीमुळे वानरांची गर्दी झाली, गर्दीमुळे ताण वाढला, आणि ताणाने पिसाळलेले नर पिल्लांवर तुटून पडले. हे स्पष्टीकरण सोयीचे होते, कारण त्यामुळे टोळीच्या हिताची कल्पना शाबूत राहत होती. समाज निरोगी असता तर असे झाले नसते, असे म्हणता येत होते.

मधल्या काळात सिद्धांताच्या बाजूने हिशेबाची नवी वही तयार झाली. तिची पहिली पाने ज्यांनी लिहिली ते जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ च्या डिसेंबरात भुवनेश्वरला वारले. भारतात येण्यापूर्वी १९५५ मध्ये त्यांनी एका लेखात पुरात वाहून जाणाऱ्या मुलाचे उदाहरण घेतले होते. त्याला वाचवण्यासाठी उडी घेण्याची प्रेरणा देणारे जनुक टिकेल की नाही, हे ते मूल उडी घेणाऱ्याचे किती जवळचे नातेवाईक आहे यावर ठरेल, कारण सख्ख्या भावंडात तेच जनुक असण्याची शक्यता निम्मी, पुतण्या-भाच्यात पाव आणि चुलत भावंडात एक अष्टमांश असते. आपण स्वतः दोनदा माणसे पाण्याबाहेर काढली तेव्हा असला हिशेब करायला सवड नव्हती, अशी पुस्तीही त्यांनी मिश्कीलपणे जोडली. विल्यम हॅमिल्टन या तरुण इंग्रज संशोधकाने १९६४ मध्ये याच विचाराला गणिती नियमाचे रूप दिले: लाभाला नात्याच्या प्रमाणाने गुणल्यावर येणारी संख्या खर्चापेक्षा मोठी असेल, तर परार्थ वर्तन उत्क्रांतीत टिकते. जॉन मेनार्ड स्मिथ यांनी त्याच वर्षी या प्रक्रियेला जे नाव दिले ते मराठीत आप्तनिवड असे म्हणता येईल. १९६६ मध्ये जॉर्ज विल्यम्स यांनी गटहिताच्या प्रतिपादनाची इतकी कठोर छाननी केली की पुढे त्या कल्पनेचा आधार घेण्यास अभ्यासक कचरू लागले. डार्विनने एकत्र ठेवलेली कुटुंब आणि जमात अशी दोन उत्तरे आता वेगळी झाली होती.

वही आणि वानर यांची गाठ अबूच्या डोंगरावर पडली. सारा ब्लाफर हर्डी ही हार्वर्डची विद्यार्थिनी १९७१ मध्ये तेथे आली ती गर्दीमुळे वानर पिसाळतात हे गृहीत धरून त्याचा अभ्यास करण्यासाठी. १९७५ पर्यंतच्या हंगामांत मिळून सुमारे १५०० तास तिने अबूच्या टोळ्या पाहिल्या, आणि गृहीतक टिकले नाही. यात्रेकरूंच्या चणे-शेंगदाण्यांवर पोसलेल्या त्या गर्दीत टोळीतले नर पिल्लांना एरवी शांतपणे अंगावर खेळू देत. पिल्लांवर हल्ले होत ते बाहेरून नवा नर आला म्हणजे. अबूतील हुप्प्याची सत्ता सरासरी २७ महिने टिके. पिल्लू अंगावर पीत असेतो मादी सहसा माजावर येत नाही, म्हणजे नव्या नराने आधीच्या नराची पिल्ले वाढू दिली तर त्याच्या स्वतःच्या संततीला पुढच्या सत्तांतरापूर्वी तगण्याइतके वय येण्यास अवधीच उरत नाही. या हिशेबात पिल्ले मारणारा नर रोगट नव्हता. तो टोळीचे नुकसान करून स्वतःचा वंश वाढवत होता, आणि टोळीच्या हितासाठी नियम पाळणाऱ्या नराची कल्पना येथे लागू पडत नव्हती. हे प्रतिपादन १९७४ च्या निबंधात आणि १९७७ च्या अबूच्या वानरांवरील ग्रंथात आले.

हर्डी यांच्या ग्रंथाचे स्मरण बहुधा या क्रौर्यासाठी होते, आणि हा त्या ग्रंथावर अन्यायच आहे, कारण त्याचा अधिक मोलाचा भाग माद्यांविषयी आहे. नर जन्मटोळी सोडून जातात आणि माद्या सहसा तेथेच राहतात, म्हणून टोळीतील माद्या परस्परांच्या आई, मुली, बहिणी, मावश्या आणि आज्या असतात. नव्या नरासमोर त्या निमूट बसत नाहीत. आधीच गाभण असलेली मादीही कधी कधी माजावर आल्याची लक्षणे दाखवून नव्या हुप्प्याशी संयोग करते, त्यामुळे पुढे जन्मणारे पिल्लू त्याचेच असल्याचा संभव त्याच्या दृष्टीने निर्माण होतो. आणि टोळीतील सर्वांत वयस्क माद्या प्रत्यक्ष झुंज घेतात. हर्डी यांनी सॉल असे नाव दिलेली एक म्हातारी मादी आणि पंजा गमावलेली तिची सोबतीण यांनी ‘मग’ नावाच्या नव्या नरावर पुन्हा पुन्हा झेप घेऊन त्याच्या तावडीतून दुसऱ्या मादीचे पिल्लू सोडवल्याची नोंद आहे. नर आकाराने मोठा आणि सुळ्यांनी सज्ज असतो. म्हातारीला जखम होण्याचा धोका खरा होता, आणि पिल्लू तिचे नव्हते.

वानरांत माद्यांची प्रतिष्ठा वयाबरोबर घटते. लाल तोंडाच्या माकडांत मादीला आईच्या मानाने दर्जा मिळतो आणि तो सहसा टिकतो. वानरांत मात्र तरुण मादी वरचढ ठरते आणि म्हातारी कडेला सरकते, तिच्या हातचे अन्नही काढून घेतले जाते. टोळीच्या दैनंदिन व्यवहारात जिला शेवटचे स्थान, तीच संकटात सर्वांच्या पुढे असते, या विसंगतीचा उलगडा हॅमिल्टनच्या नियमाने होतो. जिला आता स्वतःचे पिल्लू होण्याची फारशी आशा नाही, तिच्या जिवाची उत्क्रांतीच्या हिशेबातील किंमत थोडी असते, आणि टोळीतील बरीचशी पिल्ले तिची नातवंडे किंवा भाचरे असतात. तरुण मादीने हेच साहस केले तर ती आपली अनेक भावी पिल्ले पणाला लावील. म्हातारीचे शौर्य टोळीसाठी नव्हते असे म्हटले तरी त्यातील शौर्य कमी होत नाही. फक्त ते कोणासाठी होते, हे प्रथमच नेमके सांगता येऊ लागले. प्रत्येक मादी चेहऱ्याने आणि शेपटीच्या खोडीने ओळखल्याशिवाय ते सांगणे शक्य नव्हते.

मराठी वाचकाला हा समाज शास्त्रीय नियतकालिकांतून नव्हे, तर व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मुळे माहीत झाला. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या छोट्या कादंबरीत वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्ष कोणताही उपदेश न करता मांडला आहे. वानरांना माणसांची सोंगे न देता त्यांना स्वतंत्र व्यक्ती म्हणून उभे करण्याची तिची रीत आणि क्योतोच्या निरीक्षकांची रीत यांतील साम्य लक्षणीय आहे.

हर्डी यांच्यावर टीका पुष्कळ झाली. फिलिस जे, ज्या पुढे डॉलहिनो या नावाने लिहीत, आणि त्यांचे सहकारी यांनी प्रत्यक्ष डोळ्यांदेखत मारलेली पिल्ले किती आणि नाहीशी झाल्यावरून अनुमानलेली किती, असा रास्त प्रश्न विचारला. जोधपूरला एस. एम. मोहनोत यांनी १९७१ मध्येच अशा घटना नोंदवल्या होत्या आणि तेथील दीर्घ अभ्यासात त्यांची भर पडत गेली. अखेरचा मोठा पुरावा नेपाळमधील रामनगरहून १९९९ मध्ये आला. तेथे विष्ठेतून मिळालेल्या डीएनएच्या तपासणीत असे आढळले की पिल्लांवर हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते, आणि त्याच माद्यांच्या पुढच्या पिल्लांचे बाप ते असू शकत होते. मात्र म्हणून कौकोरीचे निरीक्षण चुकीचे ठरत नाही. जेथे टोळीत अनेक नर कायम असतात तेथे सत्ता एका रात्रीत उलथत नाही, आणि जे यांनी पाहिलेली शांतता त्या रचनेची होती. चूक झाली ती एका गावाचे वर्तन साऱ्या जातीचे मानण्यात.

आप्तनिवडीच्या हिशेबालाही मर्यादा आहेत, हे दाखवणारे काम भारतातच आणि डार्विनच्या मूळ अडचणीवर, म्हणजे कीटकांवर, झाले. मुंग्या, मधमाश्या व गांधीलमाश्यांत नर अफलित अंड्यापासून निपजतो. त्यामुळे राणीचा संयोग एकाच नराशी झाला असेल तर सख्ख्या बहिणींत तीन चतुर्थांश जनुके समान असतात, आणि बहिणी वाढवणे हे मुली वाढवण्यापेक्षा फायद्याचे ठरावे, असे हॅमिल्टन यांनी सुचवले होते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीचा अभ्यास केला. संस्थेच्या आवारातील पोळ्यांवरच्या प्रत्येक माशीच्या अंगावर रंगाचे ठिपके देऊन तिला ओळख देण्याची त्यांची पद्धत म्हणजे क्योतोचाच धडा कीटकांवर गिरवणे होते. या माशीत राणी अनेक नरांशी संयोग करते आणि राण्या वरचेवर बदलतात, त्यामुळे कामकरी माश्या अनेकदा दूरच्या नातेवाइकांचीच पिल्ले वाढवतात. तीन चतुर्थांशाचा फायदा तेथे उरत नाही. मग त्या राबतात का? गदगकर यांच्या उत्तरातील एक भाग असा की एकटीने पोळे बांधणारी माशी पिल्ले मोठी होण्यापूर्वी मेली तर तिचे सर्व श्रम वाया जातात, उलट भरल्या पोळ्यात राबणारी अर्ध्यावर मेली तरी तिने वाढवलेली अळी दुसरी कोणी पूर्ण करते, म्हणजे तिच्या श्रमांचा काही मोबदला हमखास पदरात पडतो.

या माशीची राणी शांत, जवळजवळ दुर्लक्ष व्हावे इतकी निरुपद्रवी असते. तिला उचलून बाजूला केले की काही मिनिटांतच एक कामकरी माशी एकाएकी आक्रमक होते आणि राणी परत आणली नाही तर काही दिवसांत तीच अंडी घालू लागते; राणी परत आणली तर ती मुकाट पूर्ववत कामाला लागते. कोणती माशी वारस होणार हे तिच्या वयावरून, आकारावरून किंवा आधीच्या वर्तनावरून निरीक्षकांना आधी नेमके सांगता येत नाही. मात्र २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पोळे जाळीने दुभागून राणीला एकदा या आणि एकदा त्या बाजूला ठेवले असता, खऱ्या वारसदारणीला जाळीपलीकडच्या माश्यांनीही आव्हान दिले नाही. रंगाच्या ठिपक्यांनी प्रत्येकीची वर्षानुवर्षे नोंद ठेवणाऱ्या माणसांना जे कळत नव्हते, ते माश्यांना आधीपासून ठाऊक होते.